मुळावरची गुलाबी गाठ

"साहेब, मुळाला कीड लागली की काय?" औशाकडच्या एका मावशींनी फुलोऱ्यातलं सोयाबीनचं झाड माझ्यापुढं धरलं. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. युरियाच्या गोणीसाठी पैसे उसने आणायचं घरात ठरलं होतं.

मी नखानं एक गाठ फोडली. आतून गुलाबी निघाली.

"मावशी, ही कीड नव्हे, हा खताचा कारखाना!"

हवेत ७८ टक्के नत्र, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. गाठीतले रायझोबियम जिवाणू नायट्रोजनेज नावाच्या विकराच्या बळावर ते पिकाच्या ओटीत घालतात. युरियाच्या कारखान्यात यासाठी ४०० अंशांच्या वर उष्णता लागते. इथं रानाची ऊब पुरते. या विकराला प्राणवायू सोसत नाही, म्हणून गाठीतलं गुलाबी द्रव्य त्याची राखण करतं. वरून युरिया जास्त पडला, तर गाठींचं काम मंदावतं.

मावशींची उसनवारी टळली. मी मात्र खजील झालो. बियाण्याला जिवाणूंचं पाकीट लावा, सावलीत सुकवा, हे वर्षानुवर्षं सांगत आलो. गाठ फोडून कधी दाखवली नव्हती.

मंडळी, फुलोऱ्यात एक झाड मुळासकट खणून पाहा. गाठ आतून गुलाबी असेल, तर गोणीची घाई नको.