इन्स्टॉलरांचे गाठोडे

संगणक बदलताना लोक आधी छायाचित्रे हलवतात, मग पत्रव्यवहार. आम्ही आधी हलवले ते संगीताच्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर : महाजालावरून वेळोवेळी उतरवून घेतलेल्या, विचित्र नावांच्या शंभरएक फायली. साहित्याच्या वाचकांना हा विषय रुक्ष वाटेल. पण ज्यांनी पाठचिकित्सा शिकली वा शिकवली आहे, त्यांना तो अगदीच परका वाटू नये.

बसवलेले सॉफ्टवेअरच उचलून नव्या यंत्रात का ठेवू नये? तसे जमत नाही. तंबोरा गवसणीत घालून मिरजेहून पुण्यास नेला तरी तो तंबोराच राहतो. हे वाद्य मात्र ज्या यंत्रात बसते तेथे मुळे पसरते. त्याचे काही भाग एका फोल्डरात, काही दुसऱ्यात, नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, आणि परवाना तर पुष्कळदा त्या एकाच यंत्राशी जखडलेला. झाड हलवता येत नाही, बी न्यावे लागते.

गाठोडे सोडल्यावर दिसते की सगळेच बियाणे अस्सल नाही. काही फायली शेकडो मेगाबाइटांच्या, स्वयंपूर्ण. काही जेमतेम दोन-तीन मेगाबाइटांच्या : त्या चालवल्या की कंपनीच्या सर्व्हरकडे खरा ऐवज मागतात. दिसायला ग्रंथ, प्रत्यक्षात ग्रंथालयाची मागणी-चिठ्ठी. ग्रंथालय उघडे असेतो ठीक. कॅमल ऑडिओ ही कंपनी २०१५ साली बंद झाली, तिचे ‘अल्केमी’ हे वाद्य पुढे ॲपलच्या ‘लॉजिक’मध्ये सामावले, विंडोजवाल्यांच्या हाती उरले ते ज्याने त्याने जपलेले इन्स्टॉलर.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती विवेकाने. येथे विवेकाला जागा नाही. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी तिची चेकसम संख्या पार निराळी येते. चूक झाली एवढे कळते. ती कोठे झाली आणि मूळ पाठ काय होता, हे ती संख्या सांगत नाही. निर्दोष दुसरी प्रत मिळवणे, एवढाच उपाय. लेखनिकाच्या हातून प्रमाद घडावा आणि त्यातून एखादा रसाळ पाठभेद जन्मावा, ही चैन या परंपरेत नाही. आम्ही प्रत्येक फाइलीची संख्या दोन्ही यंत्रांवर काढून ताडून पाहिली. (हे काम वाटते त्याहून सुखाचे आहे.)

एवढा खटाटोप कशासाठी? २००७ साली महाविद्यालयातल्या एका एकांकिकेसाठी आम्ही व आमच्या एका मित्राने पार्श्वसंगीत रचले होते. मित्र आज हयात नाही. त्या संगीताची जी फाइल उरली आहे, तीत ध्वनी नाहीच. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने, कोणत्या वाद्यावर, एवढीच टिपणे. ते वाद्य यंत्रात नसेल तर फाइल उघडते, पडद्यावर स्वरांच्या रेघा सरकत राहतात आणि ऐकू काहीच येत नाही.

वाद्याचा इन्स्टॉलर आमच्यापाशी होता, पण ३२-बिट. नवी ध्वनि-सॉफ्टवेअरे ६४-बिट. ‘क्यूबेस’ने २०१६ साली नवव्या आवृत्तीत जुन्या ३२-बिट वाद्यांना दार बंद केले, मॅकने २०१९ साली ‘कॅटालिना’त. मध्ये ‘ब्रिज’ नावाचा दुभाषी बसवून आम्ही ते नव्या यंत्रावर वाजवले. वाजते, पण मधूनच कोसळते.

तेव्हा या रचनेपुरता निराळा मार्ग धरला. जुन्या यंत्रावरच ती वाजवून साध्या वेव्ह फाइलीत उतरवली. मिनिटाला साधारण १० मेगाबाइट. तिला इन्स्टॉलर नको, परवाना नको. मात्र तीत आता एकही स्वर सुटा करून बदलता येणार नाही. दुसऱ्या प्रवेशाआधीची बासरी मित्राला जरा हळू करायची होती. फाइलीच्या टिपणात त्याने तसे लिहून ठेवले आहे. ती हळू करावी की एकांकिकेत वाजली तशीच ठेवावी, हे आमचे अजून ठरत नाही. तोवर जुना संगणक टाकलेला नाही.