शिकलेल्या हातात करवत

नोकरदार माणसाच्या घरात हत्यारे म्हणजे एक हातोडी, एक पकड आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. फळी कापायची वेळ आली की सुताराला निरोप जातो. सुतार मोठ्या कामात गुंतलेला असतो. एका फळीसाठी आलाच, तर तो अर्ध्या दिवसाची मजुरी मागतो, आणि ते रास्तच आहे. मग फळी महिनोन् महिने भिंतीला टेकून उभी राहते आणि मुले पलंगावर पुस्तके पसरून अभ्यास करतात. आमच्या इमारतीत घरोघर हीच स्थिती होती. म्हणून आम्ही चार घरांनी वर्गणी काढून एक जिगसॉ मशीन विकत घेतले. त्याचा जो अनुभव आला, तो इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

जिगसॉ म्हणजे विजेवर चालणारी, अरुंद पात्याची, हातात धरायची करवत. १९४६ साली स्वित्झर्लंडमधील सिंटिला कंपनीतल्या आल्बेर्ट काउफमान या अभियंत्याने बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढून तिथे करवतीचे पाते बसवले व त्यातून हे यंत्र जन्मले, असे सांगतात. ज्या भगिनींनी शिलाई मशीन चालवले आहे, त्यांना हे यंत्र समजायला वेळ लागत नाही. सुईसारखेच पाते वर-खाली होते, आणि पुढे न्यायचे काम आपल्या हाताचे.

खरेदीच्या वेळी दुकानदार आधी वॅट सांगतो. घरकामाला ५०० ते ६५० वॅट पुष्कळ झाले; कपड्यांची इस्त्रीही बहुधा याहून जास्त वीज खाते. वॅटपेक्षा इतर गोष्टी पाहाव्यात. वेग कमी-जास्त करता येतो का? पाते पुढे-मागे झुलण्याची सोय आहे का? ती ० ते ३ अशा खुणांनी दाखवलेली असते. लाकूड भरभर कापायचे तर ३, स्वच्छ काठ, वळण किंवा पत्रा असेल तर ०. खालची लोखंडी बैठक जाड व सपाट हवी. आणि पात्याचे शेपूट इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे हवे, कारण तशी पाती हार्डवेअरच्या बहुतेक दुकानांत मिळतात.

आमच्या मते यंत्रावर थोडे कमी खर्च करावेत आणि पात्यांवर थोडे जास्त. काम पाते करते. इंचाला ६ दात असलेले पाते (टी १४४ डी) जाड लाकूड झपाट्याने कापते, पण काठ ओबडधोबड ठेवते. १० दातांचे (टी १०१ बी) प्लायवूडला चांगले. पातळ पत्र्याला बारीक दातांचे वेगळे पाते लागते. लाकडाचे पाते पत्र्यावर चालवू नये.

साध्या पात्याचे दात वरच्या दिशेने असतात, म्हणजे ते वर येताना कापते. त्यामुळे छिलके वरच्या बाजूला उडतात. सनमायका लावलेली फळी म्हणूनच चांगली बाजू खाली ठेवून, मागून आखून कापावी. उलट्या दातांचे पातेही मिळते. ते घेतले तर चांगली बाजू वर ठेवता येते. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली तर काठ आणखी सुबक येतो.

या यंत्राचे खरे काम आहे वळणाचे आणि खाचेचे. आमच्या स्वयंपाकघरांत कोपऱ्यातून पाण्याचा पाइप वर जातो, त्यामुळे बाजारची तयार फळी तिथे बसत नाही. पाइपाएवढी गोल खाच जिगसॉने पाच मिनिटांत निघते. फळीच्या मधोमध भोक हवे असेल, तर आधी ड्रिलने १० मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यात पाते घालावे. सरळ कापायचे तर एक सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून, बैठक तिच्या कडेने न्यावी. मात्र आठ बाय चारचा अख्खा प्लाय उभा चिरायचा असेल, तर तो दुकानातच कापून घ्यावा. जाड लाकडात अरुंद पाते आत वाकते आणि काप तिरका जातो.

आता काळजीचे. फळी दोन क्लॅम्पनी घट्ट आवळल्याशिवाय बटण दाबू नये. दुसरा हात फळीखाली कधीही नेऊ नये. पाते खाली बाहेर येते आणि ते दिसत नाही. पाते बदलताना प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पाते पूर्ण थांबल्यावरच यंत्र उचलावे. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क हवाच. लाकडाचा भुसा निरुपद्रवी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. काम गच्चीत किंवा उघड्या ओट्यावर करावे, आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

यंत्र आणले तेव्हा शेजारचे एक काका म्हणाले, "अहो, बापजाद्यांनी अंगमेहनत केली ती पोरांच्या हाती पेन यावा म्हणून. आता पुन्हा करवत कशाला?" प्रश्न साधा नव्हता. आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. वडिलांच्या पिढीला हातचे काम निवडायची मुभा नव्हती; ते त्यांच्यावर लादलेले होते. आपण ते स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या मर्जीने करतो. पेन धरणाऱ्या हाताला करवत जड वाटू लागली, तर करवत धरणाऱ्यालाही आपण कमी लेखू लागतो. पहिले धडे आम्हाला एका सुतारदादांनीच दिले. काटकोन गुण्याने तपासूनच रेघ मारायची, हा त्यांचा नियम आम्ही अजून पाळतो. मोठी कामे आजही त्यांच्याकडेच जातात, आणि त्यांनी मजुरी सांगितली की आता आम्ही घासाघीस करीत नाही. त्या कामात किती जीव लागतो, हे कळले आहे.

यंत्रासाठी आम्ही एक वही ठेवली आहे: तारीख, घर क्रमांक, कोणते पाते नेले, कोणते तुटले. तुटलेले पाते ज्याने नेले त्याने भरून द्यायचे. यंत्र भुसा झटकून परत करायचे. आतापर्यंत त्या वहीत भिंतीला घडी होणारी तीन अभ्यासाची टेबले, पाइपाशेजारच्या चार फळ्या आणि एक चपलांचे कपाट नोंदले गेले. त्यांपैकी एक टेबल दहावीतल्या मुलीने स्वतः आखले आणि आईला हाताशी घेऊन कापले. तिच्या टेबलाचा एक कोपरा किंचित वाकडा आहे. ती रोज त्यावरच अभ्यासाला बसते.