कुठं उतरता?

पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल आली की मी आधी माणसाकडं नाही, मडगार्डकडं बघतो. टायर आणि मडगार्डच्या फटीत चिखल असा ठासून बसलेला असतो, की मागचं चाक फिरायचं नावच घेत नाही. काडीनं उकरायचा, शंभर पावलं जायचं, पुन्हा उकरायचा. शेवटी माणसावर सायकल बसते.

उमापूर गेवराई तालुक्यातलं, गोदावरीच्या खोऱ्यातलं. बालाघाटाचे डोंगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडं राहिले. तरी माउंटन बाइक घेणारे इथंही पुष्कळ. फक्त त्या नावानं तिला कुणी ओळखत नाही. हीरोची रेंजर आली, तेव्हापासून जाड टायरची, सरळ हँडलची कुठलीही सायकल आमच्यासाठी रेंजरच. मी सायकली विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळं ‘मामा, कोणती घेऊ?’ असं विचारायला लोक माझ्याकडं येतात. मी उलट विचारतो, “आत्ता जी आहे, तिच्यावरून कुठं उतरावं लागतं?”

हा प्रश्न मी एका चुकीतून शिकलो. भाच्यानं हट्ट धरला म्हणून त्याला मीच स्वस्तातली डबल शॉकर घेऊन दिली. पुढं स्प्रिंग, सीटखाली स्प्रिंग, एकवीस गिअर. उभं राहून पायडल मारलं की सायकल नुसती डुलायची. पायाचा जोर चाकाला मिळायच्या आधी स्प्रिंगला मिळायचा. वजन भारी, कॅरिअरला जागा नाही. एका पावसाळ्यात मागच्या सांध्याचा बुश झिजला आणि चाक डावी-उजवीकडं हलायला लागलं. भाचा जिथं उतरायचा, तिथं आताही उतरतच होता. उलट आधीपेक्षा जड सायकल ढकलत होता. तो कुठं अडतो, हे मी विचारलंच नव्हतं.

आता उत्तरं ऐकतो. “वस्तीच्या वाटेवर, चिखलात” असं कुणी म्हणालं, तर त्याला गिअर नकोत, मोकळी जागा हवी. दोन इंची टायर, खोल नक्षी, आणि चाकापासून वर उचललेलं मडगार्ड किंवा मडगार्डच नाही. उन्हाळ्याच्या फुफाट्यात हाच जाड टायर थोडी हवा कमी ठेवली की रुतत नाही. डांबरीवर मात्र तोच ओढतो, तेव्हा हवा वाढवायची. बाभळीच्या काट्याला जाड-बारीक कळत नाही. पंक्चर दोघांचंही होतं.

पैठणहून माजलगावकडं जाणारा जायकवाडीचा उजवा कालवा आमच्या तालुक्यातून जातो. “कालव्याच्या चढाला उतरतो” म्हणणाऱ्याला गिअर हवेत. हिशोब सोपा आहे. जुन्या अठ्ठावीस इंची सायकलला पुढं ४४ दाते, मागं १८ असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर पळते. रेंजरला पुढं २८, मागं २८ लावले, की एका फेऱ्यात जेमतेम दोन मीटर. फेरे वाढतात, पण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर निम्म्याहून कमी होतो. मात्र सात-सात चकत्या धुळीत रोज पुसायची तयारी हवी.

आणि कॅरिअरला दुधाचे कॅन लावून सपाट रस्त्यानं जाणाऱ्याला मी त्याची जुनी काळी सायकलच ठेवायला सांगतो. त्याला स्प्रिंग नको, घट्ट आरे हवेत.

गंमत म्हणजे ही सायकल जन्मली तीही अशाच अडचणींतून. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली पोरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट उतरायची. १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली. तिचं नाव ‘रिपॅक’. उलटं पायडल मारून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जायचं. नव्यानं भरावं लागायचं, म्हणून ते नाव. हातात ग्रीसचा डबा असलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. पण चढाला त्यांचंही चालत नसे. सायकल ढकलत न्यायची, नाहीतर गाडीत टाकून. मग गिअर आले, हाताचे दमदार ब्रेक आले, आणि १९७७ मध्ये जो ब्रीझनं या कामासाठी वेगळी फ्रेमच बांधली. जिथं उतरावं लागलं, तिथं एकेक सुधारणा.

मागच्या महिन्यात नववीतली एक मुलगी आली. शाळेतून मिळालेली साधी लेडीज सायकल. मैत्रिणींनी रेंजर घेतल्या, आता तिलाही हवी होती. बाप मागं गप्प उभा. मी नेहमीचा प्रश्न टाकला.

ती विचारात पडली. “उतरत नाही कुठं मामा. शाळेच्या फाटकात उतरते, तेवढंच.”

मी सायकल आडवी केली. ब्रेकचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. ते बदलले, चाकाचा आउट काढला, चेनला तेल दिलं. सीट तिच्या उंचीला दोन बोटं खाली होती, ती वर घेतली. टाच पायडलवर टेकवून पाय सरळ होतो का, ते बघितलं.

एक चक्कर मारून ती परत आली, तेव्हा तिनं रेंजरचं नाव काढलं नाही.