नित्य, नैमित्तिक आणि काम्य

इंग्लंडच्या पश्चिम भागांत, वेल्सच्या सीमेजवळ, श्रूजबरी नांवाचें एक टुमदार गांव आहे. सेव्हर्न नदीनें वळसा घालून त्याला जवळजवळ चोहों बाजूंनीं वेढलें आहे. नांवाचा उच्चार श्रूजबरी कीं श्रोजबरी, याविषयीं खुद्द गांवकऱ्यांतच एकमत नाहीं. त्यामुळें आमच्या उच्चाराला कोणी हंसलें नाहीं. सन 2016 च्या जून महिन्यांत आम्ही सहकुटुंब आमच्या कन्येकडे तेथें राहिलों होतों.

आमचे जावईबापू सायकलवेडे. त्यांच्या दौडींना 'ऑडॅक्स' म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ धाडसी. 1897 सालीं कांहीं इटालियन स्वारांनीं रोम ते नेपल्स हें सुमारें 230 किलोमीटरांचें अंतर एका दिवसाच्या उजेडांत तोडण्याचा पण केला, तेव्हांपासून हें नांव चालत आलें. ही शर्यत नव्हे. ठरल्या मुदतींत पोहोंचलें म्हणजे झालें. 200 किलोमीटरांस सामान्यतः साडेतेरा तास देतात. वाटेंतील ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यावयाचा, नाहींतर दुकानाची वेळ छापलेली पावती जपून आणावयाची.

या दौडींचे तीन प्रकार ऐकून आमच्यांतील जुना मास्तर जागा झाला. मार्ग आणि दिवस दोन्ही संघटकानें ठरविलेले, ती 'कॅलेंडर' दौड. मार्ग संघटकाचा, पण दिवस आपल्या सोयीचा, ती 'पर्मनंट'. आणि दिवसही आपला, मार्गही आपला, संघटकाला केवळ ठाण्यांचीं गांवें आधीं कळवावयाचीं, ती 'डी. आय. वाय.', म्हणजे 'तुमचें तुम्हीच करा'! पर्मनंटला 'कायम' म्हणावें, तर स्वार कायमचाच गेला असें वाटावयाचें. मीमांसकांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. आम्हीं तेच येथें लावले: कॅलेंडर ती नैमित्तिक, पर्मनंट ती नित्य, आणि आपल्याच इच्छेनें योजलेली ती काम्य. नित्यकर्म न केल्यास प्रत्यवाय लागतो. पर्मनंट न केल्यास कांहींही लागत नाहीं, एवढा दोष आमच्या परिभाषेंत राहतोच. जावईबापूंना मात्र ती फार आवडली.

एका शनिवारीं पहांटे पांच वाजतां ते काम्य दौडीस निघाले. लडलो, हेरफर्ड, हे-ऑन-वाय, नाइटन आणि परत श्रूजबरी. हेरफर्डच्या मोठ्या देवळांत सुमारें 1300 सालचा, एका अखंड कातड्यावर काढलेला जगाचा नकाशा आहे. त्यांत पूर्व दिशा वरच्या अंगास व जेरुसलेम मध्यभागीं. त्याच्या आधारें वाट काढूं जाणाऱ्याची धडगत नाहीं. हे-ऑन-वाय हें जुन्या पुस्तकांच्या दुकानांचें गांव. तेथून आमच्यासाठीं कांहीं आणावें, असें आम्हीं सुचविलें होतें. पाठीवरील ओझें पाहून तो आग्रह सोडला.

सायंकाळीं सात वाजतां परतावयाचे ते नऊ वाजले तरी आले नाहींत. तिकडे जूनमध्यें उजेड पुष्कळ वेळ राहतो, म्हणून प्रथम कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. दहा वाजतां खरा अंधार पडला. दूरध्वनि लागेना, त्या डोंगरांतील दऱ्यांत तो पुष्कळदां लागतच नाहीं.

"कोणत्या रस्त्यानें गेले आहेत?" आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें.

"आई, गांवें ठाऊक आहेत. रस्ता त्यांचा त्यांनाच ठाऊक," कन्या म्हणाली, आणि आमच्याकडे वळून, "अण्णा, नित्य असती तर संघटकाचा छापील कागद तरी घरांत असता."

आम्हीं नकाशा पसरला. नाइटन ते श्रूजबरी या दोन टिंबांमध्यें मोठे-लहान रस्ते मोजतां मोजतां आमचें बोट थांबलें. पावत्यांवर चालणाऱ्या अशा दौडींत दोन ठाण्यांमधील सर्वांत जवळच्या रस्त्याचेंच अंतर हिशेबीं धरीत. रम्य आडवाटेनें कोणी अधिक गेला तर तें ज्याच्या त्याच्या पदरचें. म्हणजे कोणत्या वाटेनें गेला, हें दप्तरालाही विचारावयाचें नव्हतें! दुपारीं ज्या परिभाषेचें आम्हांस कौतुक होतें, तिच्यांत घरीं वाट पाहणाऱ्यांसाठीं एकही शब्द आम्हीं ठेवला नव्हता.

पावणेअकराला दारांत सायकल वाजली. क्लन गांवापलीकडे एका अरुंद गल्लीरस्त्यावर मागील टायरच फाटला होता, आणि बापू कित्येक मैल सायकल हातीं धरून चालत आले होते. मुदत केव्हांच टळली होती. चारही गांवांच्या पावत्या त्यांनीं खिशांतून काढून मेजावर ठेवल्या; कन्येनें त्यांकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. भाताचें पातेलें पुन्हा चुलीवर चढविलें.

पुढील काम्य दौडीच्या आदल्या रात्रीं जावईबापूंनीं एका कागदावर स्वतःचा रस्ता वळणांसकट पेन्सिलीनें काढला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. आमच्या सौभाग्यवतींनीं तो चष्मा लावून वाचला, आणि क्लनच्या रस्त्यावर एक लहानशी फुली केली.