आप्पांचा उजवा हात

आप्पांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते. वर्षभराने पुण्याहून नवा हात आला. आत कडक साचा, वरून कातडीच्या रंगाचा प्लास्टिकचा मोजा. नखं, पेरांवरच्या सुरकुत्या, मनगटाकडे जाणारी एक शीर, सगळं उठवलेलं. डावा हात शेतात रापत गेला, हा आला तसाच गोरा राहिला. मोज्यावर शाईचा किंवा हळदीचा डाग पडला की निघत नाही, म्हणून आप्पा पेपरसुद्धा डाव्या हातानेच उलटायचे.

ताप आला की मला तोच हात कपाळावर हवा असायचा. गार लागायचा.

परक्यांचं वेगळं. ताईच्या साखरपुड्यात एका पाहुण्यांनी मोठ्या प्रेमाने तो हात हातात घेतला आणि चटका बसल्यासारखा सोडला. माणूस वाईट नव्हता, नंतर आप्पांच्याच शेजारी जेवायला बसला. पण आप्पांनी उपरण्याखाली घेतलेला हात दिवसभर बाहेर काढला नाही. त्या पाहुण्यांचा मला कितीतरी वर्षं राग होता.

कॉलेजात असताना मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाच्या १९७० सालच्या लेखाबद्दल वाचलं. वस्तू माणसासारखी दिसू लागली की ती जवळची वाटते, पण अगदी हुबेहूब होता होता मन एकाएकी दचकतं. त्या घसरणीला तो दरी म्हणतो. उदाहरण कृत्रिम हाताचंच: दिसायला खरा, धरला की गार. पाहुण्यांवरचा राग तिथे गेला.

तरी मला वाटतं, दचकतो तो आधी फसलेला. आमच्या गल्लीतल्या अण्णांना जयपूर फूट होता. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपुरात घडवलेलं ते रबरी पाऊल, बोटांसकट. अनवाणी चालता यावं, चिखलात उतरता यावं, मांडी घालता यावी म्हणून. संक्रांतीला तिळगूळ देऊन आम्ही पोरं वाकायचो, दोन्ही पावलांना हात लावायचो. एक रबराचं आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मग कोण दचकणार?

माझ्या हळदीला आप्पांनी मोजा जपला नाही. वाटी उजव्या पंजावर पेलली आणि डाव्या हाताने माझ्या गालांना हळद लावली. वाटी कलंडली, तरी त्यांनी हात बाजूला घेतला नाही.

आप्पांना जाऊन आठ वर्षं झाली. हात आईच्या ट्रंकेत आहे, त्यांच्या धोतरात गुंडाळलेला. अंगठ्याच्या बेचक्यात तो पिवळा डाग अजून आहे.