किती पावसाळे पाहिलेली?

पेण, ४ ऑगस्ट २०२५

चि. बाळू,

मूर्ती घेऊन टेम्पो रोह्याला निघतोय, त्याच्याबरोबर राखी पाठवते आहे. यंदा माझं येणं जमत नाही. गणपती तीन आठवड्यांवर आलेत आणि कारखान्यात अजून सव्वाशे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी बाकी आहे.

तू घ्यायची म्हणतोस त्या गाडीचा फोटो पाहिला. २०११ ची वॅगन आर, सिंगल हँड, साठ हजार किलोमीटर, आणि नुसती चकाकतेय. त्या चकाकीचीच मला धास्ती वाटते. बावीस वर्षं रंगात हात आहेत माझे. मूर्तीचं बोट तुटलं तर लांबी भरायची, घासायचं, वर रंग मारायचा. गिऱ्हाईक कौतुक करत घेऊन जातं. गाडीचे डेंटर लांबीच भरतात रे, नावसुद्धा तेच.

आमच्या गाडीचं काय झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. २०२२ मध्ये एका एजंटाकडून घेतली तेव्हा आत सेंटचा घमघमाट होता. तुझे भावजी म्हणाले, माणूस टापटिपीचा दिसतो. महिन्याभरात काचांची बटणं गेली. मग मीटरवरचे दिवे मनाला येईल तेव्हा लागायला लागले. शेवटी मेकॅनिकने मागच्या सीटचा पट्टा ओढला, शेवटपर्यंत ओढला, तेव्हा हातभर भागावर सुकलेला चिखल निघाला. आदल्या वर्षी २२ जुलैला महाड, चिपळूण बुडालं होतं. आमची गाडी कुठल्या पाण्यातली ते आजवर कळलं नाही. पाणी सीटच्या वर चढलेलं होतं एवढं मात्र खरं. सीट धुतात, मॅट नव्या घालतात, पण गुंडाळीतला पट्टा धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तू आधी तोच ओढ, चारही ओढ.

किलोमीटरवर फार जाऊ नकोस. आकडा फिरवता येतो. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल आणि मीटर साठ हजार म्हणत असेल, तर रबराचं ऐक. त्यापेक्षा मालकाला विचार, गाडी पावसाळ्यात उभी कुठे असायची? शेडमध्ये, झाडाखाली, की खाडीच्या वाऱ्यावर? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात पेणच्या खारेपाटातली हवा मिठाची. चौदा पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचा पत्रा वरून शाबूत दिसला तरी खालून गेलेला असतो. मॅट उचलून बोट फिरव. स्टेपनी बाहेर काढून खालचा खळगा बघ. दारांच्या खालच्या कडा आणि जॅक लावायची जागा वाकून बघ. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो आताच का मारला, हे तोंडावर विचार. आता पाऊस आहे ते बरंच आहे, गळती लपवता येत नाही.

सकाळी न सांगता जा आणि बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर इंजिन आधीच चालवून ठेवलंय असं समज. गार इंजिन सुरू करताना धूर बघ: निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जातंय. मग मागे दोघांना बसवून भिसे खिंड चढव. इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, असं झालं तर क्लचप्लेट गेलेली. सस्पेन्शनसाठी खड्डे शोधत हिंडायला लागणार नाही, हायवे आहेच. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी टायर जुना असू शकतो.

सीएनजी असेल तर आरसीवर नोंद हवी, आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी झालेली हवी.

कागदांत घाई नको. चासी नंबर स्वतः आरसीशी ताडून बघ. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, विक्रीचे २९ आणि ३०. थकलेली चलनं फोनवर दिसतात. विमाही नावावर करून घे. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही. आणि गाडी नोव्हेंबर २०११ ची आहे ना? म्हणजे पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पंधरा वर्षं भरतात. पुन्हा नोंदणीसाठी गाडी इथे पेणच्या आरटीओत दाखवायला आणावी लागेल. तिची फी पाच हजार, पर्यावरण कर निराळा, शिवाय त्याआधी करावं लागेल ते पत्र्याचं काम. ते सगळं आजच्या भावातून कापून माग. लाजू नकोस, तू पूर्वीपासून भाव करायला लाजतोस.

वहिनीला गणपतीआधी गाडी दारात हवी आहे हे कळतं मला. तिला सांग, पट्टा आणि पत्रा बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही, असं ताईने बजावलंय.

राखीच्या पाकिटात एक लोहचुंबक ठेवलाय. रुमालात गुंडाळून दारांवरून आणि चाकांच्या वरच्या पत्र्यावरून फिरव. जिथे धरणार नाही तिथे लांबी आहे. बंपरवर लावून घाबरू नकोस, तो प्लास्टिकचाच असतो.

तुझी,
ताई