खांदे टेकेपर्यंत

मातीतल्या कुस्तीला मूळ रीतीनं घड्याळ नाही आणि गुणही नाहीत. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, तोवर कुस्ती चालू. राजर्षी शाहूंनी १९१२ साली उभारलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या लांबलेल्या काटा कुस्त्यांची वर्णनं जुनी माणसं आजही रंगून करतात. खाली सापडलेला पैलवान हरलेला नसतो, हे त्या मैदानात पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मी कॉलेजात असताना तालमीत राहायला होतो. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यात लढत. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या लाल मातीचा वास दिवसभर अंगाला असायचा. आमचे वस्ताद नव्या पोराला आधी खालीच ठेवत. जोडीदार पट काढून कब्जा घेणार, सगळं वजन पाठीवर टाकणार, घिस्सा मारायला लंगोट धरणार. तोंड मातीत, श्वास अडलेला. अशा वेळी माणूस धडपडतो, हात बाहेर टाकतो, मान वर काढतो. वरच्याला नेमका तोच हात हवा असतो. म्हणजे पकड त्याला आपली भीतीच मिळवून देते. वस्ताद काठावरून ओरडायचे, "दम सोड आधी! कोपरं अंगाला धर. वरला बी दमतोय की!" श्वास सोडला, कोपरं आवळली की खरंच कळायला लागायचं, त्याचं वजन कुठल्या बाजूला झुकलंय, कुठला हात सैल पडलाय. मग खालून डंकीचा डाव बसायचा. रोज नाही, पण बसायचा.

पुढे तालमीत मॅट आली. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, पाठीमागे घड्याळ पळत असतं. खाली दम धरून बसलं की गुण जातात. मातीत घडलेल्या आम्हा पोरांना हे जड गेलं. तेव्हा वस्तादांनी खाशाबा जाधवांचं उदाहरण दिलं. गोळेश्वरचा हा मल्ल मातीत तयार झाला, १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, मॅटची सवय नसताना सहावा आला. तिथून तो मॅट शिकला आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माती त्यानं सोडली नाही, तिच्यात मॅटची भर घातली.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मला या दोन्ही आखाड्यांचा उपयोग झाला. तोंड वाकडं झालेलं आणि उजवा हात लुळा पडलेला दिसताच मी गाडी काढली. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथं वाट बघायची नसते, ती मॅटवरची कुस्ती. इंजेक्शन वेळेत मिळालं, जीव वाचला, हात मात्र लगेच परतला नाही. तिथून पुढची कुस्ती मातीतली होती. नातेवाईक रोज नवा वैद्य, नवं तेल, नवं देवस्थान सुचवत. सगळं प्रेमापोटीच, पण प्रत्येक सूचनेमागे धावलो असतो तर मीच बाहेर हात टाकल्यासारखं झालं असतं. आम्ही फिजिओथेरपीच्या व्यायामाला धरून राहिलो. मूठ उघडायची, मिटायची. आठवडेच्या आठवडे काहीच हललं नाही. वडील रागावत, रडत. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना आधी श्वास सोडायला सांगायचो. पुढे अंगठा हलला, मग चमचा धरता आला. सही अजून जमत नाही, सराव चालू आहे.

आता मी सवड मिळेल तशी तालमीत पोरं घेतो. नोकरी, स्पर्धा, पदकं सगळी मॅटवर, मग मातीत वेळ कशाला, असं पालक विचारतात. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून आम्ही मॅटवर जास्त तास देतो. पण नव्या पोराला पहिले काही महिने मी हौद्यातच उतरवतो, आणि तेही खालच्या बाजूला. यावर मी कुणाचं ऐकत नाही.